मोठ्या आतड्याचा कर्करोग: पंचेचाळिशीनंतर सर्वांची तपासणी हवी का?

कृष्णाकाठ:
शौचाला रक्त पडलं की आपल्याकडे निदान ठरलेलं, मूळव्याध. मग सुरण, ताक, मलम, भिंतीवरच्या जाहिरातीतला इलाज. यात महिनोन्महिने जातात आणि गुदाशयातली गाठ वाढत राहते. अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कर्करोग तपासतात. पंचेचाळिशीनंतर सगळ्यांचीच मलातल्या छुप्या रक्ताची चाचणी व्हायला हवी.

सुरंगी:
नाही पटत. वयोमानाचा फरक काढून टाकला तर भारतात या रोगाचं प्रमाण वर्षाला लाखात ५ च्या आसपास, जगाचं १८. महाराष्ट्रातही सगळीकडे सारखं नाही. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीत १९८७ पासून कर्करोगाची नोंद होते; बार्शीकडे हा रोग मुंबईपेक्षा बराच कमी. चाचणीत रक्त सापडलं की कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी आली. तालुक्याच्या गावी ती कोण करणार?

कृष्णाकाठ:
प्रमाण कमी, पण माणसं किती? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण. आणि पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला येणाऱ्या छोट्या उंचवट्याचा, कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात पॉलिप काढला तर पुढचं सगळं टळतं. ही संधी सोडायची?

माणदेशी:
'आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होतंय' हेही ऐकून कान किटले. प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं, ते खरंच. पण दारू, तंबाखू, सुटलेलं पोट, बैठं काम यांचं काय? ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांत हा रोग भारतातल्यापेक्षा जास्त दिसतो. रक्त तेच, राहणी बदलली. आपली शहरंही त्याच वाटेवर आहेत.

सुरंगी:
राहणीबद्दल वाद नाही. पण आपल्याकडे चाळिशीच्या आतले रुग्ण बरेच असतात, त्यातही झपाट्याने पसरणारा प्रकार पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो. ४५ ची रेघ ओढली की ही पोरं बाहेरच राहिली! त्यापेक्षा रक्त पडतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाची प्राथमिक आरोग्य केंद्रात बोट घालून तपासणी करा. पैसे लागत नाहीत, फक्त संकोच सोडावा लागतो. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झालाय, त्यांची कोलोनोस्कोपी आधी करा.

कृष्णाकाठ:
बोटाची तपासणी उद्यापासून सुरू करा, माझा पाठिंबा. पण बोट पोचतं गुदाशयापर्यंतच. वरच्या आतड्यातली गाठ त्याला कशी लागणार? म्हणून चाचणीचा आग्रह मी सोडत नाही. निदान मुंबई-पुण्यात तरी सुरुवात व्हावी.