आपला वाडा ग्रुप : मॅच उद्या आणि सुट्टी आज?

शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४

शुभाआत्या: वैशाली, फोटो पाहिला. शुक्रवारी सगळे घरी कसे? कुणाला बरं नाही का?

वैशाली: सगळे ठणठणीत आहेत आत्या. आज इथे मेलबर्नला सरकारी सुट्टी. उद्या फुटीची फायनल आहे ना, म्हणून.

शुभाआत्या: मॅच उद्या आणि सुट्टी आज?

मिलिंद: हो. आज दोन्ही टीमची मिरवणूक असते. शनिवारी तशीही सुट्टीच, म्हणून शुक्रवार दिलाय 😄

सुहासदादा: आणि आम्ही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पेंगत बँकेत.

ऋचा: फुटी म्हणजे फुटबॉल ना काका?

मिलिंद: पायाने मारतात, म्हणून फुटबॉल. पण बॉल असोल्या नारळाच्या आकाराचा, मैदान क्रिकेटचं, एका बाजूला १८ जण, ऑफसाइड नाही. हातात घेऊन पळायचं, द्यायचा असेल तर मुठीने ठोसा मारून द्यायचा, फेकायचा नाही. गोलला जाळी नाही, आडवी दांडी नाही, नुसते चार उभे खांब. मधल्या दोघांतून मारला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १.

सुहासदादा: नेम चुकला तरी गुण? आमच्या शाळेत असते ही पद्धत तर मी पहिला आलो असतो.

आप्पा: पळताना बॉल हातातच ठेवला तर पकडणार कसं त्याला

मिलिंद: आप्पा, पीटीच्या सरांनी बरोबर नस धरली. साधारण दर १५ मीटरला बॉलचा जमिनीवर एक टप्पा घ्यावा लागतो, आणि लांबुडक्या बॉलचा टप्पा ही भलती गोष्ट आहे. परवा अर्णव मला शिकवत होता. खालचं टोक किंचित पुढे काढून, आपल्या पावलांच्या थोडं पुढे आपटायचा, मग तो वळून हातात येतो. मी सरळ आपटला. तो उडाला आणि थेट शेजारच्या आजींच्या गुलाबात.

वैशाली: दोन कळ्या मोडल्या. मी नारळाच्या वड्या घेऊन माफी मागायला गेले. त्यांनी बॉल दिला आणि वर अर्णवला एक जुना लोकरी मफलर दिला. लाल, निळा आणि सोनेरी. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

ऋचा: कुठल्या टीमचा?

मिलिंद: फिट्झरॉय. आज मोठ्या लीगमध्ये अशी टीमच नाही. १९९६ मध्ये पैशांवाचून बंद पडायची वेळ आली आणि ती ब्रिस्बेनच्या टीममध्ये विलीन झाली. फिट्झरॉय हा मेलबर्नचा पेठी भाग आणि ब्रिस्बेन तिथून दीड हजार किलोमीटरवर. उद्या फायनलला ब्रिस्बेन लायन्स आणि सिडनी स्वान्स आहेत. गंमत म्हणजे सिडनीवालेही मूळचे साउथ मेलबर्नचे, १९८२ मध्ये बिऱ्हाड हलवलं. म्हणजे बाहेरगावच्या म्हणून मिरवणाऱ्या दोन्ही टीमचं मूळ घर इथेच, ट्रामच्या अंतरावर.

सुहासदादा: म्हणजे कोल्हापूरची तालीम उठून नागपूरला गेली आणि फायनलला खासबागेत परत आली.

आप्पा: तालीम नाही हलत सुहास

मिलिंद: तेच म्हणत होत्या आजी.

वैशाली: मुळात सगळं अर्णवच्या सुट्टीतल्या प्रोजेक्टवरून. एक जुना क्लब आणि त्यातला एक जुना खेळाडू. ७ ऑक्टोबरला शाळा उघडेल तेव्हा द्यायचंय. बाबा म्हणतात टॉम विल्स घे. मुलगा म्हणतो फिट्झरॉयचा कुणीतरी. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर हेच.

मकरंद: टॉम विल्स! क्विझचा आवडता प्रश्न. बर्क आणि विल्स, १८६०, ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करणारी मोहीम. परत येताना उपासमारीने गेले दोघे.

मिलिंद: मक्या, तो विल्यम विल्स. हा टॉम. पण अगदीच रिकामा नाही परतलास, पुढे सांगतो.

मकरंद: 🙏 हा मेसेज डिलीट करायचा राहिला.

मिलिंद: टॉमचे आजोबा शिक्षा होऊन जहाजातून इथे आले. वडील मात्र मोठे जमीनदार. त्यांनी पोराला चौदाव्या वर्षी इंग्लंडला रग्बी शाळेत धाडलं. तो तिथे शिकला कमी, क्रिकेटचा कॅप्टन झाला. १८५६च्या अखेरीस परतला तो मेलबर्नचा हिरो. हिवाळ्यात क्रिकेट बंद, खेळाडू सुस्त होतात, म्हणून १० जुलै १८५८ला त्याने एका खेळांच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं, की फुटबॉलचा क्लब काढा आणि नियमांसाठी कमिटी नेमा. पुढच्याच महिन्यात, ७ ऑगस्टला, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांची मॅच झाली. एका बाजूला ४० पोरं.

शुभाआत्या: चाळीस?? पोरं मोजायलाच एक मास्तर लागेल.

मिलिंद: मैदान म्हणजे एमसीजीच्या, म्हणजे मेलबर्नच्या मोठ्या क्रिकेट मैदानाच्या, बाहेरचं झाडाझुडपांचं कुरण. मॅच एका दिवसात संपेना. तीन शनिवार चालली आणि एक-एक गोलवर बरोबरीत सुटली. पंच दोन, एक विल्स आणि दुसरा जॉन मॅकॅडम. मक्या, हा मॅकॅडम तुझ्या बर्क-विल्स मोहिमेच्या समितीचा सचिव. आणि मॅकॅडेमिया नट त्याच्याच नावाचा.

मकरंद: चला, एक गुण. बाजूच्या फटीतून.

आप्पा: नियम कुणी केले

मिलिंद: १७ मे १८५९, एमसीजीजवळचं पॅरेड हॉटेल. विल्स, हॅमर्स्ली, थॉम्प्सन, स्मिथ. मेलबर्न क्लबच्या मंडळींनी बसून दहा नियम लिहिले. हाताने लिहिलेला तो कागद अजून एमसीजीत जपलाय. दहाच कलमं, आपल्या सोसायटीच्या पार्किंगच्या नियमावलीपेक्षा लहान. विल्सला रग्बीची पद्धत हवी होती, पण बाकीच्यांनी एक गोष्ट ठामपणे काढून टाकली. रग्बीत नडगीवर लाथ मारून पाडायची रीत होती, ती बंद. हे सगळे नोकरीधंदा करणारे लोक, सोमवारी लंगडत कामावर कोण जाणार?

आप्पा: शहाणे. आपल्याकडे खोखोचे नियम डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले ते फार नंतर. त्याआधी गावागणिक वेगळा खेळ आणि दर मॅचला भांडण

मिलिंद: इथेही भांडणं होतीच. विल्सच्या मामेआते भावाने, हॅरिसनने, १८६६ मध्ये नियम पुन्हा नीट लिहिले. पळताना टप्पा घ्यायची अट तेव्हाची. मेलबर्न आणि जिलाँग हे क्लब १८५८-५९चे. इंग्लंडात फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १८६३ मध्ये. मग कार्लटन, एसेन्डन, फिट्झरॉय असे पेठापेठांचे क्लब. १८९७ मध्ये आठ क्लबांनी वेगळी लीग मांडली, पहिलं विजेतेपद एसेन्डनचं. चुकलेल्या नेमाला एक गुणही तेव्हापासून.

सुहासदादा: बरं मग अर्णवने विल्स का नाही घेतला? संस्थापकच की.

वैशाली: कारण मी पुढचं वाचून दाखवलं.

मिलिंद: १८६१ मध्ये विल्सचे वडील मेंढ्या घेऊन क्वीन्सलँडला नव्या जमिनीवर गेले, टॉमही बरोबर. तो सामान आणायला गेलेला असताना तिथल्या मूळ रहिवाशांनी तळावर हल्ला केला. वडिलांसकट १९ जण मेले. त्याचा सूड गोऱ्यांनी असा उगवला की त्या भागातले कितीतरी पट जास्त लोक मारले गेले. आणि पाचच वर्षांनी हाच टॉम विल्स व्हिक्टोरियातल्या आदिवासी क्रिकेट टीमचा कोच! १८६६च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, तो त्यांना घेऊन एमसीजीवर उतरला. सुहासदादा, आता नीट वाच. त्या टीममध्ये जॉनी मुलाघ होता.

सुहासदादा: मुलाघ?? रहाणेचं मेडल!

मिलिंद: तोच. बॉक्सिंग डे टेस्टच्या सामनावीराला २०२० पासून मुलाघ मेडल देतात. पहिलं आपल्या अजिंक्यला.

सुहासदादा: ॲडलेडला ३६ ऑल आउट, कोहली घरी परतलेला, आणि पठ्ठ्याने ११२ काढले. पहाटे पाचला उठून बघितलंय. ते बेल्टचं मेडल कुणाच्या नावाचं हे आज कळलं.

शुभाआत्या: संगमनेरकडचा ना तो? त्याचं नाव कुठून कुठे पोचलं बाई.

ऋचा: पण काका, विल्स लहानपणी आदिवासी मुलांबरोबर वाढला आणि त्यांच्या खेळावरूनच फुटी आली असं मी एका रीलमध्ये पाहिलं.

मिलिंद: मुलांबरोबर वाढला हे खरं, त्यांची भाषाही बोलायचा. त्या लोकांत कातड्याचा बॉल पायाने उडवायचा आणि उंच उडी मारून झेलायचा खेळ होता, मार्नग्रूक. विल्सने तो पाहिला, त्यावरून नियम सुचले, असा थेट पुरावा कागदावर मात्र नाही. त्यावर इथले इतिहासकार हमरीतुमरीवर येतात. मला विचारशील तर कागदावर नाही म्हणून घडलंच नाही असं मी म्हणणार नाही, पण मुलाच्या प्रोजेक्टमध्ये ‘हे सिद्ध झालंय’ असंही लिहू देणार नाही.

शुभाआत्या: विल्सचं पुढे काय झालं?

मिलिंद: दारू. १८८० मध्ये, ४४व्या वर्षी त्याने स्वतःचा जीव घेतला. शंभर वर्षं कबरीवर दगडसुद्धा नव्हता. आता एमसीजीबाहेर पुतळा आहे, पोरं बॉलवर झेपावताहेत आणि हा पंच.

शुभाआत्या: अरेरे. पितृपंधरवड्यात असलं वाचवत नाही रे. दुसरं काहीतरी सांग.

मकरंद: आत्या, हलकं देतो, या वेळी तपासून. या लीगमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला ब्राउनलो मेडल मिळतं. १९२४ मध्ये पहिलं मिळालं जिलाँगच्या ‘कारजी’ ग्रीव्ह्जला. खरं नाव एडवर्ड. कारजी हे टोपणनाव म्हणे त्या काळच्या एका संगीत नाटकातल्या राजावरून पडलं. हिंदुस्थानी राजा. ‘भोंगचा राजा’!

ऋचा: भोंग 😂😂

सुहासदादा: आपल्या गल्लीत असे बरेच राजे आहेत. आत्ताच दहा दिवस भोंगे लावून बसले होते.

शुभाआत्या: आणि फिट्झरॉयचा कोण घेतला मग अर्णवने?

वैशाली: आधी १९१६ घेणार होता. युद्धामुळे चारच टीम उतरल्या. फिट्झरॉय १२ मॅचमध्ये दोनच जिंकली, शेवटचा नंबर. पण चारच टीम म्हणून चारही बाद फेरीत! तिथे ते कार्लटनला हरवून चॅम्पियन झाले. त्याच वर्षी शेवटचेही तेच आणि पहिलेही तेच. अर्णव म्हणाला, गणिताच्या टीचरना हे दाखवतो.

आप्पा: मुलगा हुशार आहे. आईवर गेला

मिलिंद: आप्पा 🙏 मग आजींनी त्याला डग निकल्सचं सांगितलं. आदिवासी वस्तीत वाढलेला, उंची पाच फूट दोन इंच, पण वाऱ्यासारखा पळायचा. १९२७ मध्ये कार्लटनला ट्रायलला गेला. तिथे खेळाडूंना हा आपल्यात नको होता, वास येतो म्हणाले. मालिश करणाऱ्याने अंगाला हात लावला नाही. त्याला घरी पाठवलं.

शुभाआत्या: वास येतो म्हणाले?

मिलिंद: हो.

आप्पा: हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. पाणवठा आपल्याकडेही होता. पुढे बोल

मिलिंद: मग तो नॉर्थकोटकडून दुय्यम स्पर्धेत खेळला, आणि १९३२ मध्ये फिट्झरॉयने घेतला. तिथेही पहिल्यांदा ड्रेसिंग रूममध्ये एका कोपऱ्यात एकटाच बसलेला. तेव्हा हेडन बंटन उठला, लीगमधला सगळ्यात मोठा स्टार, एकूण तीन ब्राउनलो जिंकलेला. तो जाऊन त्याच्या शेजारी बसला आणि तिथेच बूट चढवायला लागला. आजी हे सांगताना स्वतः बाकावर सरकून बसून दाखवतात. अर्णवने त्यांना तीनदा करायला लावलं.

ऋचा: काका 🥹

मिलिंद: त्याच क्लबकडून १९०४ मध्ये जो जॉन्सन खेळला होता, या लीगमधला पहिला आदिवासी खेळाडू. १९०४ आणि १९०५, दोन्ही विजेतेपदांत तो होता. तरी २८ वर्षांनी निकल्स कोपऱ्यात. पुढे निकल्स पाद्री झाला, १९७२ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९७६ मध्ये तो साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. आता लीगच्या दोन आख्ख्या फेऱ्या त्याच्या नावाने खेळतात, कार्लटनसुद्धा.

सुहासदादा: प्रोजेक्टचा माणूस ठरला म्हणायचा.

वैशाली: निकल्स नाही. अर्णव बंटन घेतोय. विचारलं का, तर म्हणाला, ‘ही गॉट अप’.

शुभाआत्या: म्हणजे काय ग?

वैशाली: तो उठला, म्हणून.

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

शुभाआत्या: आज एकादशी. भगर-आमटी झाली. काय झालं मॅचचं?

मिलिंद: एकतर्फी आत्या. ब्रिस्बेन १८ गोल १२ बिहाइंड (ते बाजूच्या फटीतले एकेक गुण), १२०. सिडनी ९ गोल ६ बिहाइंड, ६०. बरोब्बर दुप्पट.

सुहासदादा: हाफ टाइमलाच बंद केली मी. लिंक अडकत होती, आणि स्कोअर तर पुढे पळत होता.

शुभाआत्या: आणि आजी? खूश झाल्या असतील.

वैशाली: आपल्याकडेच होत्या बघायला. मफलर त्यांनी अर्णवकडून तेवढ्यापुरता परत घेतला. पहिल्या क्वार्टरला म्हणाल्या, ही काही माझी टीम नव्हे. तिसऱ्या क्वार्टरला पंचांना शिव्या घालत होत्या.

आप्पा: शिव्या घातल्या म्हणजे टीम त्यांचीच

वैशाली: मफलर घालूनच घरी गेल्या. अर्णव सकाळी मागायला जाणार आहे. मी सांगितलंय, रिकाम्या हाताने जायचं नाही. आत्या, वड्यांना साखर किती घेता तुम्ही? माझ्या मऊ पडल्या होत्या.

शुभाआत्या: दोन वाट्या खोबऱ्याला सव्वा वाटी. आणि गोळा कडेने सुटेपर्यंत हलवत राहा, घाई करू नको.