लहान मुलं आणि कुत्रा: तुमच्या घरी काय झालं?

काल माळा आवरताना ब्रूनोचा पट्टा सापडला. बक्कल गंजलंय पण आतून दोनचार पिवळे केस अजून चिकटलेले, हातात घेऊन बसूनच राहिले. लेक ३ वर्षांची असताना लॅबचं, म्हणजे लॅब्रेडॉरचं, पिल्लू आणलेलं, सगळे म्हणाले मुलांना लॅबच बेस्ट. स्वभाव सोन्यासारखा, पण ८ महिन्यांत तो २५ किलोचा आणि लेक १३ किलोची, प्रेमाने झेप घ्यायचा की ही धपकन खाली. महिनाभर सोफ्यावरून उतरत नव्हती. सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत फिरवला, 'बस' शिकवलं तेव्हा कुठे जमलं. आता नणंद विचारतेय, तिचा मुलगा २ वर्षांचा, कुठला घेऊ? लिहा गं.

चिंचगूळ
गावठी घ्या म्हणावं. आमची चिमी बिल्डिंगखालचीच, वर आणली तेव्हा २ वर्षांची होती, नसबंदी झालेली, पोरांनी शेपटी ओढली तर उठून लांब जाऊन बसते हे आधीच बघितलं होतं. पिल्लाचं काय, मोठं झाल्यावर कसं निघेल कोण सांगणार

रानवारा
हस्की नको, बर्फातला कुत्रा तो!! नागपुरात शेजाऱ्यांनी आणलाय, मे महिन्यात ४५ डिग्री, लाईट गेली की बिचारा बाथरूमच्या फरशीवर धापा टाकत पडतो. कुकर झाला, येते परत

सांजवेळ
आमचा बीगल. मुलांवर जीव टाकतो पण मूळचा शिकारी, नाक जमिनीला लावलं की हाक ऐकू येत नाही आणि हेल काढून ओरडतो, खालच्या आजोबांची झोप जाते त्याचं फार वाईट वाटतं.

कृष्णाकाठ
माहेरी सांगलीकडे कारवानी आहे, आपल्याकडचा शिकारी कुत्रा. देखणं जनावर, पण पळायला रान पाहिजे हो, फ्लॅटमध्ये कोंडू नका.

दोन_पोरांची_आई
जात कुठलीही घ्या, तो जेवताना मूल जवळ नको. माझ्या धाकट्याने ताटलीत हात घातला, रॉकी गुरगुरला, आम्ही रॉकीलाच ओरडलो. डॉक्टर म्हणाले गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय, तेच बंद केलंत तर पुढच्या वेळी सरळ चावेल. आणि साधा ओरखडा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, लगेच दवाखाना. हळद-चुना अजिबात नाही.

पारिजात
८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका प्लीज. आम्हाला २ महिन्यांचं सांगून जेमतेम महिन्याचं दिलं. पार्वो झाला, पिल्लांना उलट्या-जुलाब होणारा जीवघेणा आजार, सलाईन लावून ४ दिवस बसलो, गेलं. लेक अजून त्याची वाटी कुणाला हलवू देत नाही.

चिंचगूळ
पारिजात, वाचून पोटात तुटलं गं.

रानवारा
आले. चिंचगूळ, चिमीला पावसाळ्यात गोचिड्या होतात का? आमच्या मन्याच्या कानात रोज २-३ निघतायत

चिंचगूळ
हो गं, पायांच्या बोटांमधे पण बघ. डॉक्टरकडून गोळी घे, आणि चादरी गरम पाण्यातून काढ

सांजवेळ
ताई ब्रूनोच्या पट्ट्याचा फोटो टाका ना. आणि नणंदेच्या घरी दिवसभर कोण असतं?

सांजवेळ, नणंदेकडे कोणीच नसतं, दोघं ऑफिसला आणि बाळ पाळणाघरात. मग सध्या नकोच म्हणते तिला. फोटो टाकते, लेक पट्टा घेऊन बसलीये.