छतावरच्या पॅनेलांनी तामनारची लाइन टळत नाही

दर्यावर्दी
काल एक पोस्ट सगळीकडे फिरत होती. "गोव्यात आठ महिने कडक ऊन. प्रत्येक घरावर तीन किलोवॅट बसवा, तामनारची लाइन रद्द होईल, मोले वाचेल, 2050 पर्यंत शंभर टक्के अक्षय ऊर्जेचे उद्दिष्टही पुरे होईल." तामनारची लाइन म्हणजे छत्तीसगडकडून गोव्यात वीज आणायची उच्चदाब लाइन, मोल्याच्या अभयारण्यातून आखलेली. मोले वाचावे असे मलाही मनापासून वाटते. पण चुकीच्या गणितावर लढाई उभी केली तर समोरचा ते गणित पहिल्या सुनावणीत फाडतो.

लाइन किती क्षमतेची हवी हे वर्षाच्या एकूण युनिटांवर ठरत नाही. सर्वांत जास्त मागणीच्या तासाला किती लोड पडतो, त्यावर ठरते. संध्याकाळी सातनंतर हॉटेलांचे एसी, रेस्टॉरंटे, घरांतले पंखे आणि गीझर एकदम चालू होतात, आणि सहा वाजता पॅनेल झोपलेले असते. एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो, जुलैच्या सलग पावसात दोनच्याही खाली जातो. तेव्हा कोरबा-विंध्याचलच्या केंद्रांतली कोळशाची वीज बाहेरून येणाऱ्या तारेतूनच घ्यावी लागते.

म्हणून किती पॅनेल बसली हे मोजणे पुरे नाही. संध्याकाळचा कोणता लोड दुपारकडे सरकवता येतो, ते शोधा. माझ्या मते पहिला मान बर्फाच्या कारखान्यांचा. एक टन लादी बर्फाला साधारण साठ युनिट लागतात, आणि दुपारी केलेला बर्फ रात्री वापरता येतो. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ऊन नसते तेव्हाच बर्फाची मागणीही पडते. असा जोड दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

चिरेबंदी
दर्यावर्दीबाब, तुम्ही बरोबर सांगता, पण लोक यातून "छतावर बसवून उपयोग नाही" एवढेच घेऊन जातील. दिवसा वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहती चालतात, कार्यालयांचे एसी चालतात. ती वीज छतावरून आली की तेवढा कोळसा त्या दिवशी जळत नाही. मोजायचे ते हेही मोजा.

खरी अडचण वेगळीच आहे. छतावरच्या पुष्कळ तक्रारी पॅनेलच्या नसतात, तारेच्या असतात. पाच किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर (पॅनेलची वीज लाइनच्या विजेत बदलणारे यंत्र) भर दुपारी साधारण 22 अँपिअर बाहेर ढकलतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत चाळीस मीटर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन ऐंशी मीटर, म्हणजे तेरा व्होल्टची वाढ. लाइनला आधीच 242 असेल तर इन्व्हर्टरला 255 दिसतात. 253 ची मर्यादा ओलांडली म्हणून तो बंद पडतो, पाच मिनिटांनी परत येतो, परत बंद. मालक म्हणतो पॅनेल खराब. तिथे दहा स्क्वेअर एमएम ओढली असती तर वाढ तीन व्होल्टवर थांबली असती. फरक काही हजारांचा.

आणि वीज गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय लाइनला जोडलेला, संच बंद होणारच, लाइनमनच्या जिवासाठी तसा नियम आहे. पावसात झाड पडून फीडर, म्हणजे भागाला वीज देणारी लाइन, गेला तर छत भरून पॅनेल असूनही घर अंधारात. हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवे. दिवे, फ्रिज चालायला हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, आणि तेवढ्याच वस्तू वेगळ्या सर्किटवर काढा.

भाटकार
छतांवर वाद घालत बसा, तिकडे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, सौर प्रकल्पांखाली जाताहेत. मेगावॅटला साधारण चार एकर लागतात, आणि ते चार एकर कागदावर शोधले की "खडकाळ, पडीक" म्हणून सडाच दिसतो. सडा पडीक नाही. जांभ्याच्या भेगांतून पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याला झर होऊन फुटते. त्या झरीवर कुळागर, म्हणजे डोंगरपायथ्याची बागायत, उभे आहे, पोफळ आहे, मिरी आहे. वर बुलडोझर फिरवून पातळ माती खरवडली, पायांसाठी खड्डे पाडले, चर खणून पाणी एका नाल्याला लावले की पाणी मुरायचे थांबते. मे महिन्यात झर आटते. कुळागर वाळायला मग दोन उन्हाळे पुरतात.

ऑगस्टमध्ये कुठल्याही सड्यावर जाऊन गुडघे टेकून बघा. बोटभर उंचीची सीतेची आसवे, गेंद, पाणी साचलेल्या खळग्यांत बेडकांची अंडी. हे सगळे चार महिन्यांत उरकते आणि बाकी आठ महिने काळा दगड दिसतो. सर्व्हे करणारा नेमका त्या आठ महिन्यांत येतो.

दर्यावर्दी
सड्यावर कोणीच बसवा म्हटलेले नाही. धागा भरकटतोय.

भाटकार
भरकटत नाही. "गोव्याने स्वतःची वीज करावी" म्हटले की पुढचे वाक्य जागेचे असते. छत संपले की सडा, सडा संपला की खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन. तुम्ही मोल्याच्या झाडांसाठी रडता आणि सड्याच्या गवतावरून पाय देऊन जाता, याचा मला राग येतो. झाड उंच असते म्हणून दिसते, एवढेच.

चिरेबंदी
भाटकारबाब, मुद्दा खरा, पण छत संपले असे कोणी सांगितले? औद्योगिक वसाहतींचे पत्रे बघा. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर लागतात, दहा हजार चौरस मीटरच्या शेडवर एक मेगावॅट. मात्र जुनी सिमेंटची, अॅस्बेस्टॉसची शेड असेल तर तिला भोक पाडू नये. पत्रा ठिसूळ असतो आणि धूळ फुप्फुसात जाते. आधी पत्रा बदला, छप्पर पेलणाऱ्या कैच्या तपासा, चौरस मीटरला पंधरा किलो वाढीव वजन आणि वाऱ्याचा उपसा (पॅनेल वर उचलणारा जोर) धरून इंजिनीअरचा दाखला घ्या. वजनापेक्षा उपसा घातक. जूनच्या पहिल्या वाऱ्याला सैल क्लॅम्प सगळ्यांत आधी सुटतो.

किनाऱ्याजवळ तर आणखी एक. साधे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) अँगल समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लवकर तांबडे पडतात. कापलेल्या टोकावर आणि भोकाच्या कडेला जस्त नसते, गंज तिथून चढतो. कापून-भोक पाडून झाल्यावर गरम जस्तात बुडवलेले, निदान 80 मायक्रॉन थराचे, किंवा सरळ अॅल्युमिनियम वापरा. बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. आणि कौलारू घर असेल तर हुक रिपेला नाही, वाशाला. कौलाला तेवढी खाच घासून घ्या, नाहीतर हुकावर कौल उचलले जाते आणि पहिल्याच सरीला माळा भिजतो.

कुटबण जेटी
बर्फावर येतो. दर्यावर्दी, जेटीवरच्या माणसाला तुमची पोस्ट अर्धवट वाटेल. लादी काही फ्रिजच्या खणातला बर्फ नाही. पन्नास किलोचा डबा उणे दहा अंशांच्या खारात (मिठाच्या थंड पाण्यात) अठरा-वीस तास बुडलेला असतो. "दुपारी करा, रात्री बंद" म्हणजे सहा तासांत लादी होत नाही. वीस टनांचा कारखाना दिवसाला बाराशे युनिट खातो. तेवढ्यासाठी तीनशे किलोवॅट, म्हणजे तीन हजार चौरस मीटर छत. जेटीवर एवढे छत कोणाकडे आहे? शंभर किलोवॅट बसले तरी पुष्कळ, म्हणजे एक तृतीयांश.

वर अमोनियाचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढतो. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी नसेल तर तो रोज बंद-चालू करणे मोटरला सोसत नाही. हे न सांगता कारखानदारांना सल्ला देणे मला पटत नाही.

दर्यावर्दी
सहा तासांत लादी होत नाही, हे कबूल. ते वाक्य मी ढिसाळ लिहिले. पण पूर्ण रात्र बंद करा असे माझे म्हणणे नाही. फक्त साडेसहा ते साडेदहा थांबवा. चोवीसऐवजी वीस तासांत तेवढाच बर्फ करायचा तर कॉम्प्रेसर एक पंचमांश मोठा लागेल, आणि काढलेल्या लाद्यांना जाड थर्मोकोलची खोली. पॅनेल एक तृतीयांश वीज देवो की कमी, संध्याकाळचा लोड उतरला तो उतरलाच. दहा किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2024 पासून केंद्राचा नियम आहेच: उन्हाच्या तासांत दर निदान वीस टक्के कमी, गर्दीच्या तासांत निदान वीस टक्के जास्त. पैसा कुठून सुटेल ते यात दिसते.

भाटकार
आणि तामनार? ते कोणी बोलत नाही आता.

दर्यावर्दी
बोलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021 च्या अहवालात म्हटले, की 400 केव्हीची लाइन नव्याने जंगल कापून न नेता आधीच्या 220 केव्हीच्या पट्ट्यातून सांगोडच्या सबस्टेशनला न्यावी. 2022 मध्ये न्यायालयाने ते उचलून धरले. लाइन रद्द झाली नाही, वाट बदलली. "वीज नकोच" म्हणून हे घडले नाही. नकाशावर दुसरी वाट दाखवता आली म्हणून घडले. छतांचा हिशोबही तसाच, तासावारीने, मांडता आला पाहिजे.

भाटकार
तासावारीने मांडा. सोबत सड्यांचा नकाशाही मांडा, ऑगस्टमध्ये काढलेला. तेवढे केलेत तर माझा विरोध नाही.

कुटबण जेटी
चार तासांचे म्हणत असाल तर करून बघण्यासारखे आहे, एवढेच म्हणतो. नवीन कॉम्प्रेसर घेण्याआधी आहे त्याच यंत्रावर जानेवारीत आठवडाभर चाचणी घ्यावी. दुपारी खार उणे चौदापर्यंत उतरवायचा, साडेसहाला कॉम्प्रेसर थांबवायचा पण खार हलवणारा पंखा चालूच ठेवायचा, दर अर्ध्या तासाला टाकीच्या दोन्ही टोकांचे तापमान लिहायचे. पंखा थांबला तर एका कोपऱ्यातल्या लाद्या मागे राहतात. उणे आठच्या वर गेले की चाचणी तिथे सोडायची. सकाळी डबा कोमट पाण्यात बुडवून लादी काढली की मधोमध बघायचे. गाभ्यात पाणी हलताना दिसले तर तो बर्फ ट्रॉलरला देता येत नाही, बोटीच्या खणात टाकताच फुटतो. गाभा घट्ट असेल, तर मेमध्ये परत तीच चाचणी, कारण तेव्हा भरायचे पाणीच तीस अंशांचे असते.