पणजी ते मालवण शिडाच्या बोटीने: वारा कायम नाकावर, काय चुकतंय?

मांडवीकाठचा:
नमस्कार मंडळी. आमची २६ फुटी जुनी शिडाची बोट आहे, छोटं डिझेल इंजिन, कील (तळाचा खाली गेलेला पंख) पाण्याखाली साधारण सव्वा मीटर. गेल्या महिन्यात मी, बायको आणि मेव्हणा मालवणला जायला निघालो, सकाळी पोहे-चहा आटपून आरामात १० ला पणजी सोडली. आग्वादपर्यंत मजेत, शापोऱ्याच्या आसपास साडेबाराला वायव्येचा वारा सुटला तो थेट तोंडावर, मग टॅक मारत, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी जात बसलो, एकदा समुद्राकडे एकदा किनाऱ्याकडे, चार वाजता तेरेखोलचा किल्ला उजव्या हाताला दिसत होता आणि पाच वाजताही तिथेच. बायकोला उलट्या, मेव्हणा गप्प, आणि तो गप्प म्हणजे प्रकरण गंभीर. शेवटी वळलो. मांडवीत शिरेपर्यंत काळोख, कॅसिनोच्या बोटींचा एवढा लखलखाट की वाट दाखवणारा लाल बोया कुठला आणि जाहिरातीचा लाल दिवा कुठला तेच कळेना. आता डिसेंबरात परत जायचंय. पूर्ण वेळ इंजिनवर जाणं हाच उपाय आहे का?

देवगडकर:
चूक एकच, पोहे. तुम्ही निघालात तेव्हा चांगला वारा संपत आला होता. थंडीत रात्री जमीन गार पडते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे येतो, तो मतलई. दुपारी जमीन तापली की उलटा, खारा वारा, आणि तो आपल्या किनाऱ्यावर वायव्येचा म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याच्या नेमका थोबाडावर. आमच्या आजोबांच्या होडीला इंजिनच नव्हतं, ते मतलईवरच जायचे, दुपारी कुठेतरी नांगर टाकून झोपायचे.
आदल्या दिवशी संध्याकाळी उजेड असतानाच मांडवीच्या तोंडावरची वाळूची पट्टी ओलांडून बाहेर पडा, आग्वादच्या किल्ल्याखाली नांगर टाका, जेवा, झोपा. मध्यरात्री निघा. मतलई आडवा मिळतो, समुद्र सपाट, २६ फुटीला ४-५ नॉट, म्हणजे ताशी ४-५ सागरी मैल, सहज. फार बाहेर मात्र जाऊ नका, किनारा सोडून लांब गेलं की मतलईचा जोर उरत नाही. वेंगुर्ल्यासमोरचे खडक आहेत ना, दीपगृह असलेले, त्यांच्या आतून जा, तिथे रुंद वाट आहे. आग्वाद ते मालवण सरळ धरलं तर ३८ सागरी मैलांच्या आसपास, नऊ-दहा तासांत व्हायला हरकत नाही.

पणजीचा_पोर:
आपल्याच मांडवीतून २०१७ ला तारिणी ही शिडाची बोट निघाली, नौदलाच्या सहा जणी जगाला वळसा घालून मे २०१८ मध्ये परत आल्या, आणि तुम्ही तेरेखोलला अडकलात 😂

मांडवीकाठचा:
ती ५५ फुटी होती हो. आणि त्यांच्यात माझा मेव्हणा नव्हता.

मालवणी_माणूस:
देवगडकरांचं वाऱ्याचं सगळं बरोबर, पण मालवणचं एक राहिलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला बुडालेले खडक पसरलेत, काही ओहोटीला डोकं वर काढतात, काही कधीच नाही. तुम्ही सकाळी पोचणार आणि आत शिरताना तोंड पूर्वेला, म्हणजे सूर्य डोळ्यात, पाणी नुसतं चमचमणार आणि खडक दिसणारच नाही. आमचे मच्छीमार खुणा जुळवून आत घेतात, ते लहानपणापासून शिकलेले असतात, मोबाईलच्या नकाशावर ते जमत नाही. घाई करू नका, बाहेर थांबा, सूर्य वर आला की एखाद्या होडीवाल्याला हात करा आणि त्याच्या मागोमाग या. पहिल्यांदाच येताय तर मी म्हणेन मालवण सोडाच, सरळ देवगड गाठा, बंदर भूशिराच्या आड आहे, झोप तरी लागेल.

देवगडकर:
हे मान्य. पण देवगड म्हणजे अजून २० मैल, शेवटी खाऱ्या वाऱ्यात सापडणारच, तेवढा वेळ इंजिन लावा. नाहीतर आग्वादहून रात्री ९ लाच निघा.

सुकाणू_हातात:
आणि जाळी! त्याबद्दल कुणीच बोललं नाही. वेंगुर्ल्याच्या पुढे पहाटे चारला माझं इंजिन एकदम घुरघुरून बंद पडलं, खाली बघतो तर हिरवी नायलॉन दोरी पंख्याला गच्च, गरम होऊन अक्षरशः वितळलेली, काळा गोळा झाला होता. जाळ्याची खूण म्हणजे थर्माकोलचा तुकडा नाहीतर रिकामा कॅन, दिवा बिवा काही नाही. उजाडेपर्यंत शीड लावून तरंगलो, मग कंबरेला दोरी बांधून पाण्यात उतरलो. खिशातली चाकू-सुरी निकामी, शेवटी ब्रेड कापायची दातेरी सुरी कामाला आली, पाऊण तास लागला. जाळ्याचा मालक आला, आधी शिव्या, मग मी पैसे दिले, मग त्यानेच टोपलीभर बांगडे दिले. तेव्हा रात्री शक्य तितकं शिडावरच जा, इंजिन बंद असलं की निदान पंखा तरी फिरत नाही. आणि वॉकीटॉकीवर १६ चॅनल, संकटात हाक मारायचा, चालू ठेवा, बोटीचे कागद वरच्या कप्प्यात, सागरी पोलीस हमखास विचारतात.

मांडवीकाठचा:
देव बरें करूं सगळ्यांचं. ठरलं, रात्री ९ ला आग्वादहून, देवगडला. बायको म्हणते पोहे डब्यात घे. दातेरी सुरी घेतली, मेव्हण्याला दाखवली, पाण्यात कोण उतरणार हे मात्र त्याने अजून विचारलेलं नाही.