‘इंटिरिअर’ खातं म्हणजे गृहखातं नव्हे, मग मराठीत काय म्हणायचं?

भूगोल शिक्षिका, सांगली

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी भूगोल शिकवते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखावर एक टिपण करायचं आहे. त्यासाठी हाती आलेल्या जुन्या मराठी पाठात हा उतारा आहे:

‘अमेरिकी गृहमंत्रालयाचा भूमी व्यवस्थापन विभाग सार्वजनिक गायराने पशुपालकांना भाड्याने देतो. याच मंत्रालयाच्या भूमी उद्धार विभागाने हूव्हर धरण बांधले. आदिवासींच्या आरक्षणाचे कामही या मंत्रालयाच्या सचिवांकडे आहे.’

वर्गात वाचून दाखवल्यावर एका मुलाने विचारलं, तिकडे गवताची राखण पोलीस करतात का? त्याचं काय चुकलं? आपल्याकडे गृह म्हणजे पोलीसच. मूळ शब्द ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर’. कोशात ‘आतील’, ‘अंतर्गत’ एवढंच मिळतं. उतारा मुलांना कळेल असा करायचा आहे. कुठे काय बदलू?

एक वाचक, वाई

‘अंतर्गत व्यवहार मंत्रालय’ म्हणा. वर्तमानपत्रांतही चालतं.

निवृत्त अव्वल कारकून, कराड

बाई, ‘गृह’ काढाच. पण तो शब्द आला कुठून हे मुलांना जरूर सांगा. हे खातं ३ मार्च १८४९ च्या कायद्याने निघालं आणि त्या कायद्याच्या मथळ्यात ‘होम डिपार्टमेंट’ असंच होतं. नाव मात्र ‘इंटिरिअर’ ठरलं. परराष्ट्र, फौज आणि खजिना या खात्यांकडे देशातली बरीच कामं विखुरलेली होती, ती उचलून एकत्र आणली. खजिन्याकडून जमिनीचं कार्यालय आलं, युद्धखात्याकडून मूळ रहिवाशांचं, परराष्ट्र खात्याकडून पेटंटचं. पुढे पेटंटसारखी कामं दुसरीकडे गेली. जमीन आणि जमिनीवरचं-जमिनीखालचं जे काही होतं, ते इथेच राहिलं. फ्रान्सच्या बातमीत ‘इंटिरिअर’ आलं तर बिनधास्त गृहमंत्रालय लिहा, तिथे पोलीस त्याच मंत्रालयाकडे आहेत. अमेरिकेत नाहीत.

वाईच्या मित्राचा ‘अंतर्गत’ शब्द चुकीचा नाही, पण एकटा सोडला की तो वाचकाला भलतीकडे नेतो. अंतर्गत म्हटलं की आपल्या डोक्यात अंतर्गत सुरक्षा येते. त्यासाठी अमेरिकेने २००२ साली कायदा करून वेगळंच खातं काढलं आहे. म्हणून मी पहिल्या उल्लेखात ‘इंटिरिअर, म्हणजे भूमी व निसर्गसंपत्ती खाते’ असं लिहीन आणि पुढे नुसतं ‘भूमी व निसर्गसंपत्ती खाते’. नावाचा शब्दशः अर्थ त्यात येत नाही हे मला मान्य आहे. पण वाचकाला खात्याचं काम कळलं पाहिजे, आणि हे खातं देशाची जवळजवळ एक पंचमांश जमीन सांभाळतं.

आता उताऱ्यातला ‘सार्वजनिक’ हा शब्द. माझी सगळी नोकरी महसुलात गेली, म्हणून इथे जरा थांबतो. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक गणपती, सार्वजनिक वाचनालय. या शब्दात मालकापेक्षा वापरणाऱ्यांचा विचार आधी येतो. अमेरिकेतली पब्लिक लँड ही आधी मालकीची गोष्ट आहे. ती केंद्र सरकारची जमीन. आपल्या गावदप्तरात अशा जमिनींना स्वतंत्र नोंदवह्या आहेत. गाव नमुना एक-अ वनजमिनींचा, एक-ब बिनभोगवटा सरकारी जमिनींचा, एक-इ अतिक्रमणांचा. यातला ‘बिनभोगवटा’, म्हणजे कुणाच्या ताब्यात न दिलेली, हा शब्द तिकडच्या जमिनीला सगळ्यात जवळ बसतो, आणि त्याला कारण आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तिथे कसायला १६० एकर जमीन मिळायची. पाच वर्षं राहून ती वहिवाटीखाली आणली की नावावर व्हायची. पाण्याची जमीन लोकांनी घेतली. ज्या कोरड्या माळावर १६० एकरांतही पोट भरत नव्हतं, तो कुणी घेतला नाही आणि सरकारकडेच राहिला. भूमी व्यवस्थापन विभागाकडची बरीचशी जमीन ही अशी, भोगवटादार न मिळालेली. क्षेत्र सुमारे साडेचोवीस कोटी एकर, आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. नेव्हाडा राज्यातली तर ८० टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्राची आहे.

मुलांसाठी ‘बिनभोगवटा’ जड वाटला तर ‘केंद्र सरकारची जमीन’ म्हणा. ‘केंद्र’ मात्र गाळू नका. आपल्याकडे जमीन हा राज्याचा विषय आहे. सरकारी जमीन म्हटलं की मूल महाराष्ट्र शासन समजतं आणि वाटेत तलाठी उभा करतं.

माणदेशी, दहिवडी

‘गायरान’ काढा. आमच्याकडं प्रत्येकाला ठाऊक आहे की गायरानाच्या सातबाऱ्यावर नाव सरकारचं असलं तरी चारायचा हक्क अख्ख्या गावाचा. कुणी एकट्यानं परवाना काढून गायरान धरलं तर भांडण होईल. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्यानं सरकारी माळ आखून दिले आणि आसपास स्वतःची जमीन किंवा पाणी असलेल्या पशुपालकांना परवाने दिले. परवाना साधारण दहा वर्षांचा. पैसे एकरावर नाहीत, जनावरावर आणि महिन्यावर. एक गाय वासरासह, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढरं नाहीतर पाच शेळ्या, महिनाभर चरल्या की एक हिशेब.

‘भाड्यानं’ही नको. आपल्याकडं रान खंडानं दिलं की त्या वर्षापुरतं ते घेणाऱ्याचं, दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही. तिकडं परवान्यानं फक्त गवत मिळतं. त्याच माळावर दुसरा माणूस फिरतो, शिकार करतो, तंबू टाकतो. तेव्हा हा ‘चराई परवाना’. आणि जे पैसे भरायचे त्याला मराठीत तयार शब्द आहे, ‘वनचराई’. पेशवाईतल्या करांच्या यादीत तो सापडतो. फी, शुल्क, आकार असं काही जोडत बसायची गरज नाही. पण हे सगळंच रान झाडीचं नव्हे, बरंचसं खुरट्या झुडपांचं आणि गवताचं. म्हणून नुसतं ‘चराई’ म्हटलं तरी पुरे. धनगराला ते सांगावं लागत नाही.

‘कुरण’ कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. आमच्याकडं कुरण म्हणजे राखलेलं गवत, कापून न्यायचं. तिथं जनावर मोकळं सोडत नाहीत. त्यामुळं तेही इथं बसत नाही.

शेतकरी, पलूस

‘भूमी उद्धार’ (मूळ शब्द ‘रेक्लमेशन’) वाचून आमच्या भागातला माणूस वेगळंच समजेल. कृष्णाकाठी पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याची अडचण यामुळे जमिनी मिठानं पांढऱ्या पडल्या आहेत. जमिनीखाली पाइप टाकून त्यांचं पाणी काढायचं, याला आपण क्षारपड जमीन सुधारणा म्हणतो, आणि कृषी खात्याच्या इंग्रजी कागदात तिथंही रेक्लमेशनच असतं. मुंबईकराला तोच शब्द समुद्रातला भराव वाटेल. अमेरिकेतल्या १९०२ च्या रेक्लमेशन कायद्याचा अर्थ दोन्हीपेक्षा निराळा. धरणं बांधून कोरड्या पश्चिमेला पाणी द्यायचं आणि माळ लागवडीखाली आणायचा. हूव्हर धरण त्यातलंच. आपल्याकडं टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यानं आटपाडी, खानापूर, जतकडं जे चाललंय त्याच्या जवळचं काम. एवढा सरळ अर्थ असताना ‘पाटबंधारे विभाग’ का लिहू नये?

एक वाचक, वाई

पटलं. मग तिकडचं वन खातंही यातच येतं का? आपल्या मंत्रालयात महसूल व वन एकत्र असतात म्हणून विचारतो.

निवृत्त अव्वल कारकून, कराड

नाही. राष्ट्रीय वनं १९०५ पासून त्यांच्या कृषी खात्याकडे आहेत. राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव मात्र इंटिरिअरकडे. उद्यानांची संस्था १९१६ सालची. आपल्याकडे चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या बाहेरचं राखीव वन दोन्ही वन खातंच बघतं, त्यामुळे हा फरक पटकन ध्यानात येत नाही. तेल, वायू, कोळसा यांच्यासाठी सरकारला मिळणारी रॉयल्टीही याच खात्याकडे जमा होते. तिला मराठीत ‘स्वामित्वधन’ आहेच. मुरुमाच्या पावतीवर आपण सगळ्यांनी तो शब्द वाचलेला असतो.

भूगोल शिक्षिका, सांगली

काका, दादा, सगळ्यांचे आभार. आता राहिलं ‘आरक्षण’ आणि ‘सचिव’. आरक्षण वाचून मुलं थेट नोकरीतल्या जागांवर जाणार, हे नक्की.

निवृत्त अव्वल कारकून, कराड

जाणारच. रिझर्वेशन म्हणजे तिथल्या मूळ जमातींसाठी राखून ठेवलेला भूभाग. कित्येक जमातींनी करारात बाकीचा मुलूख सोडून दिल्यावर हातात राहिलेला तुकडा. त्यातली बरीच जमीन आजही केंद्र सरकार विश्वस्त म्हणून धारण करतं, तिथे जमातींची स्वतःची सरकारं आहेत. ‘राखीव प्रदेश’ लिहा. राखीव वनामुळे तो शब्द मुलांच्या कानावर असतो. आणि ‘आदिवासी’पेक्षा ‘मूळ अमेरिकी जमाती’ लिहा, नाहीतर मुलं आपल्याकडच्या अनुसूचित जमातींचे नियम त्यांना लावतील.

सचिव तर मुळीच नको. आपला सचिव म्हणजे सनदी अधिकारी. तिकडचा सेक्रेटरी मंत्रिमंडळात बसतो. सेक्रेटरी ऑफ स्टेटला आपण परराष्ट्रमंत्री म्हणतो ना, मग हाही मंत्रीच. २०२१ साली डेब हालंड या पदावर आल्या. अमेरिकी मंत्रिमंडळात मंत्री म्हणून गेलेल्या त्या मूळ अमेरिकी समाजातल्या पहिल्या व्यक्ती. ज्या खात्याने पिढ्यान्‌पिढ्या त्या समाजाच्या जमिनींचे निर्णय घेतले, त्या खात्याच्या प्रमुख त्या झाल्या. त्यांना ‘सचिव’ म्हटलं की ही गोष्टच नाहीशी होते.

भूगोल शिक्षिका, सांगली

उतारा असा केला आहे:

‘अमेरिकेच्या इंटिरिअर, म्हणजे भूमी व निसर्गसंपत्ती खात्याचा भूमी व्यवस्थापन विभाग केंद्र सरकारच्या माळांवर पशुपालकांना चराईचे परवाने देतो. याच खात्याच्या पाटबंधारे विभागाने हूव्हर धरण बांधले. मूळ अमेरिकी जमातींच्या राखीव प्रदेशांची जबाबदारीही या खात्याच्या मंत्र्यांकडे आहे.’

माणदेशी, दहिवडी

‘केंद्र सरकारच्या माळांवर’ छान. ‘पशुपालकांना’च्या आधी ‘आसपासच्या’ घाला. लांबच्याला परवाना मिळत नाही.