फरक जोडात आहे

'मिक्सटेप आणि प्लेलिस्टमध्ये फरक काय, गाणी एकामागून एक लावायचीच ना?' या प्रश्नावर राहवलं नाही म्हणून लिहितोय.

फरक जोडात आहे, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात कसं शिरायचं त्यात. परवा रात्री १२२ बीपीएमचा (मिनिटाला १२२ ठोके) हाऊस ट्रॅक १२६च्या टेक्नोला जोडत बसलो होतो; हाऊस आणि टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचे प्रकार. वेग जुळला, तरी दोन्हींचे बास, म्हणजे खालच्या पट्टीतले जड सूर, एकत्र आले की नुसता गोंधळ! शेवटी नव्या ट्रॅकचा बास बंद ठेवून आधी फक्त हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) आत सोडले आणि बरोबर ३२ ठोक्यांनंतर बासची अदलाबदल केली. अंगावर काटा आला. तीन तास गेले, पण गेले तर गेले.

कॅसेटवाल्यांचं तर फार कौतुक वाटतं. सी-९०च्या, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटच्या, एका बाजूला ४५ मिनिटं. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून आधी बेरजा करायच्या.

आणि 'यंत्राच्या संगीतात जीव नसतो' हे अजिबात पटत नाही. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बासचे सूर काढणारं यंत्र १९८१मध्ये आलं ते गिटारवाल्यांना बासची साथ मिळावी म्हणून. चाललं नाही, १९८४मध्ये बंद झालं. मग शिकागोतल्या पोरांनी ते वाजत असतानाच त्याची बटणं पिळली आणि त्या चिरकत्या आवाजातून ॲसिड हाऊस हा हाऊसचा नवा प्रकार जन्मला. हेडफोन लावून ऐका एकदा, तो बास चक्क बोलतो.