१८७३ च्या आधीच अमेरिकेत गुलामी संपली होती, मग मताच्या हक्कासाठी १९६५ का उजाडलं?

दांडियाबाजारकर: नमस्कार मंडळी, आमच्या बडोद्याच्या वाचनगटात सध्या 'गुलामगिरी' चालू आहे. जोतीरावांनी १८७३ ला ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. पण कॉलेजच्या एका मुलीने विचारलं की काका, मग मार्टिन ल्यूथर किंगना १९६५ मध्ये मतासाठी मोर्चा का काढावा लागला? मधल्या शंभर वर्षांत नक्की काय झालं? तिला नीट उत्तर द्यायचंय.

मांडवीवाला: दादा, मुलीने अगदी मुद्द्याचं विचारलंय. जोतीरावांनी लिहिलं तेव्हा आशेला जागा होती, हे आधी सांगा तिला. गुलामी ठेवणारी दक्षिणेकडची राज्यं आणि उत्तर यांच्यातलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी गेली, १८६८ ला चौदावीने नागरिकत्व दिलं आणि १८७० ला पंधरावीने सांगितलं की रंगावरून मत नाकारता येणार नाही. त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ दक्षिणेतल्या मिसिसिपीतून थेट सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहात गेले, दहा वर्षं आधी त्याच राज्यात माणसांचे लिलाव होत होते! पण हे सगळं केंद्राच्या फौजेच्या जोरावर उभं होतं. १८७३ च्याच एप्रिलमध्ये दक्षिणेतल्याच लुइझियाना राज्यात कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या टोळीने कितीतरी काळ्या लोकांना ठार मारलं. पुढे १८७६ च्या अध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल वादात अडकला, तडजोडीत हेज अध्यक्ष झाले आणि १८७७ ला दक्षिणेतल्या फौजा मागे घेतल्या, मग तिथल्या गोऱ्यांना रान मोकळं.

सयाजीगंज_ताई: फौज तर गेलीच, पण माझ्या मते खरा घात जमिनीने केला. जानेवारी १८६५ ला जनरल शर्मनने हुकूम काढला की समुद्रकाठची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत द्यायची, लोकांनी पेरणी पण केली, आणि अध्यक्ष लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सनने त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. मग राहिलं काय, वाट्याने कापूस करायचा, बी-बियाणं नि पीठमीठ दुकानातून उधार, हंगामाला हिशोब तोच करणार ज्याच्याकडे वही, आपल्याकडच्या सावकारासारखंच. ज्याचं पोट मालकाच्या हातात तो मालकाविरुद्ध मत कसा देणार?

दांडियाबाजारकर: ताई, पण पंधरावी दुरुस्ती तर रद्द झाली नव्हती ना, मग कायद्याने मत काढलं कसं?

सयाजीगंज_ताई: कायद्यात रंगाचा शब्दही न लिहिता काढलं, हेच तर भयंकर आहे. मिसिसिपीने १८९० ला नवीन घटना केली, मतासाठी दोन डॉलर कर आणि घटनेतलं कलम वाचून किंवा ऐकून अर्थ सांगायचा, अर्थ बरोबर की चूक ते समोर बसलेला गोरा कारकून ठरवणार! १८९८ ला लुइझियानाने ठरवलं की ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १८६७ च्या १ जानेवारीला मत होतं त्याला शिक्षणाची आणि मालमत्तेची अट माफ. आणि १८६७ च्या त्या तारखेला तिथे काळ्यांना मतच नव्हतं. १८९६ ला त्या राज्यात १,३०,००० वर कृष्णवर्णीय मतदार होते, १९०४ ला सुमारे १,३००.

मांडवीवाला: आणि १८९६ ला सुप्रीम कोर्टाने प्लेसी खटल्यात काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे पण कायदेशीर ठरवले. दादा, अजून एक सांगा तिला, आपल्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला न्यूयॉर्कला गेलेल्या बाबासाहेबांनी १९४६ ला डू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले कृष्णवर्णीय युनोकडे अर्ज करतायत असं वाचलं, त्याच्या प्रती पाठवा म्हणून.

दांडियाबाजारकर: हे पत्र गटात वाचूनच दाखवतो. दोघांचे मनापासून आभार.